साठच्या वेगाला पंख कशाला

११ फेब्रुवारी

आज नवीन गिऱ्हाईक आलं. आनंद व्हायला हवा होता. नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप काढल्यापासून दारात थांबणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज मी कान देऊन ऐकते. पण हा माणूस मला पटला नाही.

गाडी निळी, दोन सीटची, जुनी. पण इतकी जपलेली की आत बसताना चपला बाहेर काढत असावेत. वय पासष्टच्या पुढे. रिटायर झालेले दातांचे डॉक्टर आहेत म्हणे. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघतात. दंतोपंत हे नाव मी तिथल्या तिथे मनात ठेवून टाकलं.

"गाडी कुठे पळवता? ट्रॅकवर?" मी विचारलं.

"छे हो, रस्त्यावरच. साठच्या वर मी जातच नाही."

"मग साठच्या वेगाला मागे विंग कशाला?"

"शोभेल, म्हटलं."

इथवर ठीक होतं. शोभेला लावणारे असतात. मी डिकीच्या कडेवर चिकटणारी छोटी पट्टी दाखवली. बदकाच्या शेपटीसारखी दिसते, एकदा चिकटली की पुन्हा बघायला नको. "हीच द्या," म्हणाले. मी टेप काढला, तेवढ्यात आई चहा घेऊन आल्या. आईंना पुढच्या टेबलावर बसवलंय ते फोन घ्यायला आणि पावत्या करायला. चहा त्या स्वतःच्या हौसेने करतात. सासू असले तरी इथे सुनेच्या हाताखाली आहे, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच सांगतात.

"साखर?" त्यांनी विचारलं.

"नको, दातांना..." म्हणता म्हणता दंतोपंत थांबले. "बरं, एक चमचा."

आई तोंडापुढे हात धरून हसल्या, नेहमीसारख्या. मग तो चहा संपवायला दंतोपंतांनी इतका वेळ लावला की माझी दोन ब्रॅकेट घासून झाली. कप ठेवला आणि मला म्हणाले, "यात असा एखादा प्रकार नसतो का, जो अधूनमधून येऊन जुळवून घ्यावा लागतो?"

कमी कटकटीचं काय आहे, असं विचारणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. जास्त कटकटीचं मागणारा हा पहिलाच. मी भिंतीवरचा मोठा पंख दाखवला. दोन खांबांवर उभा राहणारा, अँगल बदलायला पाच भोकं असलेला. (पंख हा आईंचा शब्द. आता माझ्याही तोंडात तोच बसलाय.)

"हाच," ते म्हणाले.

कुठेतरी पाणी मुरतंय.

१५ फेब्रुवारी

जुन्या कंपनीत पंखांची ड्रॉइंग मी काढायचे आणि खाली सही साहेबांची असायची. मी सोडून निघाले तेव्हा साहेब हसत म्हणाले होते, "बघू या बाहेर किती टिकतेस." आता भिंतीवर टांगलेल्या त्या पंखाच्या पोटाचा बाक माझा आहे, एकटीचा. हवा कशी वाहते ते बघायला माझ्याकडे मोठाली यंत्रं नव्हती. पंखावर लोकरीचे धागे चिकटवायचे, मागून दुसऱ्या गाडीने जायचं आणि कुठला धागा फडफडतो ते बघायचं. असं करत करत तो बाक सापडला. साहेबांना तो हवा असणार. ते स्वतः येणार नाहीत. एखादा सभ्य, पिकल्या केसांचा, साठच्या वेगाने जाणारा माणूस पाठवतील.

आईंना म्हटलं, "ते डॉक्टर आले की साच्याच्या खोलीचं दार लावून घेत जा."

"अगं, ते साच्याकडे कशाला बघतील? भला माणूस वाटतो."

"सगळे भलेच वाटतात."

"मला नाही बाई वाटत सगळे," आई म्हणाल्या.

२३ फेब्रुवारी

पंख बसवला. दंतोपंत सकाळी आले ते दुपार झाली तरी हलायचं नाव नाही. मी गाडीच्या मागे खांब बसवतेय आणि ते पुढे टेबलाशी. मध्येच आत आले आणि खिशातून काय काढलं, तर लांब दांडीचा छोटा आरसा, दातांचे डॉक्टर तोंडात घालतात तो! तो पंखाखाली धरून बघायला लागले.

"वा! खालून काय सुरेख वळलाय!"

खालून! पंख बघणारे सगळे वरून बघतात. खालून कोण बघतं, ते मला चांगलं ठाऊक आहे.

आईही मागोमाग आल्या. एरवी त्या कधी आत येत नाहीत, धुळीने त्यांना शिंका येतात. म्हणाल्या, "हा तिरका केला की काय होतं गं?"

सांगावं लागलं. विमानाचा पंख उचलतो, हा उलटा बसवलेला, म्हणून दाबतो. जितका तिरका, तितकी मागची चाकं रस्त्याला धरून राहतात. फारच तिरका केला तर हवा त्याला सोडून जाते आणि नुसतं ओझं उरतं. मागे दाब आला की पुढचं नाक हलकं होतं, म्हणून बंपरखालीही एक पट्टी लावून तोल साधायचा. एकीकडेच दाब असला तर गाडी दगा देते.

"आणि साठच्या वेगाला?" आईंनी विचारलं.

"साठला काही नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. साठला हा पंख म्हणजे कपडे वाळत घालायची दांडी."

दोघंही एकदम हसले. मी विनोद केलाच नव्हता.

पुढची पट्टी लावली. पंख आठ डिग्रीवर ठेवला. पंखाच्या बाजूच्या पत्र्यावर आकड्यांची छोटी पट्टी आहे, तिच्यावरचा काटाही आठवर आला. दंतोपंत कशालाच नाही म्हणत नाहीत. हेही मला खटकतं.

४ मार्च

दंतोपंत पुन्हा हजर. तक्रार काय, तर गाडी "मागून जराशी हलकी" वाटते. साठला! मी म्हटलं, साठला पंख असला काय आणि नसला काय. तर म्हणाले, "असेलही. पण जुळवून बघायला काय हरकत आहे?"

मी अँगल एका भोकाने वाढवला, फेरी मारून आले, परत होता तिथे आणला. पाना हातात घेतला तेव्हा ते तिथेच होते आणि पाना खाली ठेवला तेव्हा पुढच्या टेबलाशी. जाताना सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मंगळवारी तुम्ही नसता ना इथे?"

मंगळवारी मी साच्यात भरायचं रेझीन आणायला जाते हे यांना कुणी सांगितलं?

"मीच सांगितलं," आई म्हणाल्या. "त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

आईंना कोणी गोड बोललं की झालं.

१० मार्च

जुन्या साहेबांचा फोन. इतक्या महिन्यांनी! जुन्या साच्यांच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवली होती, एवढंच विचारलं. "अजून तेच करतेस का? छान, छान," म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या पंखाबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे सगळी बातमी त्यांना मिळालेली आहे. नाहीतर विचारलं नसतं का?

१७ मार्च

आज मंगळवार. रेझीनवाला बंद होता, म्हणून लवकर परतले. बाहेर निळी गाडी. पुढचं दार आतून लावलेलं! भर दिवसा, धंद्याच्या वेळी!

ठोठावलं. दार उघडायला वेळ लागला. आतून दंतोपंत एक डबा बगलेत धरून घाईने निघाले, "येतो, येतो," म्हणत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

टेबलावर गुलाबी रंगाचा एक गोळा चिकटलेला होता. पुदिन्यासारखा वास. नखाने दाबला तर नखाची रेघ न रेघ त्यात उठली. साचा घ्यायचा मसाला! मी धावत आत जाऊन भिंतीवरचा पंख उतरवला, पोटावरून हात फिरवला. काही लागलेलं नव्हतं. पुसून ठेवला असेल.

"काय करत होते ते इथे?"

आईंनी रुमाल तोंडाला लावला होता. "काही नाही गं. बसले होते जरा."

"दार लावून?"

"वारा येत होता."

आज पानसुद्धा हललं नाही दिवसभर. आई माझ्याशी कधी खोटं बोलत नाहीत. आज बोलल्या. त्यांना धाक घातला असेल का त्याने?

२० मार्च

नणंदेला फोन केला. आईंची लेक आहे, तिला सांगायलाच हवं. दंतोपंत, आरसा, मंगळवार, लावलेलं दार, गुलाबी मसाला, सगळं क्रमाने सांगितलं. मग ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"वहिनी, तू खरंच... अगं, तुला दिसत नाही का?"

"दिसतंय म्हणून तर सांगतेय!"

"आईलाच विचार ना सरळ."

घरापासून लांब राहिलं की माणसाला कशाचं गांभीर्य राहत नाही.

माझा नवरा गेल्यावर मी माहेरी जाईन असं सगळ्यांनी धरलं होतं. मी गेले नाही आणि आईंनीही लेकीकडे जायचं नाव काढलं नाही. तेव्हापासून आम्ही दोघीच एकमेकींना आहोत. वर्कशॉपच्या पाटीचा रंगसुद्धा आईंनीच निवडलाय. बाहेरचा कोणी येऊन यात हात घालत असेल तर मी डोळ्यांत तेल घालून राखण करणारच.

२५ मार्च

आज एक गोष्ट केली. लिहू की नको असं झालंय, पण इथे नाही तर कुठे लिहायचं?

दंतोपंत गाडी सोडून गेले होते, "जरा तपासून ठेवा" म्हणून. मी पंख जवळजवळ आडवा केला, एक डिग्रीवर. मग आकड्यांच्या पट्टीचे स्क्रू सैल करून पट्टी सरकवली आणि काटा आठवरच आणून ठेवला. त्या गाडीची पाठ उतरती आहे, नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. साच्यावरून साहेबांना आकार मिळेल, पण तो कुठल्या अँगलला चालतो हे ते या पट्टीवरूनच वाचणार. वाचू देत! त्यांचा पंख ट्रॅकवर तोंडघशी पडेल तेव्हा कळेल.

बंपरखालची पुढची पट्टी तशीच ठेवली. ती काढली असती तर संशय आला असता.

दंतोपंतांना काही धोका नाही. साठला काहीच होत नाही.

८ एप्रिल

आईंचं काहीतरी बदललंय. टोस्ट चहात न बुडवता कुर्रकुर्र खातात. काल आख्खं सफरचंद चावून खाल्लं, सुरी न मागता. कामाच्या मध्येच गुणगुणतात. रविवारी "जरा फिरून येते" म्हणून जातात आणि संध्याकाळी येतात. काळा गॉगल घेतलाय! हवा बदलली की काही जणांना असा हुरूप येतो.

माझं मात्र कशात लक्ष नाही. दंतोपंत आज मला "सूनबाई" म्हणाले. तोंडातून निघून गेलं आणि कानापर्यंत लाल झाले. आईंचं ऐकून उचलला असेल शब्द. मला सूनबाई म्हणणारा हा कोण?

पट्टीबद्दल आईंना सांगावं असं दोनदा मनात आलं. पण त्यांच्या पोटात काही राहत नाही.

१७ एप्रिल

उलगडा झाला! दंतोपंतांनी विचारलं, "तो ट्रॅक रविवारी सगळ्यांना खुला असतो ना? आपली गाडी घेऊन कुणालाही जाता येतं?"

"तुम्हाला कशाला? तुम्ही तर साठच्या वर जात नाही."

"एकदा जावं म्हणतोय. इतका सुंदर पंख लावून घेतलाय, एकदा तरी उडवा, असं लोक म्हणतात."

लोक! म्हणजे साहेबच. गाडी यांची, चालवणारा साहेबांचा. शेवटच्या रविवारी जाणार आहेत.

वेगात त्या पंखाने काय होईल, हा विचार आला. पण साहेबांचे ड्रायव्हर पट्टीचे आहेत, निघण्याआधी हात लावून सगळं तपासतात. आणि त्यांनी नाही तपासलं तर ते त्यांचं ते बघतील. दिवसभर हाच विचार परत परत येत राहिला. मी काही बोलले नाही.

२७ एप्रिल

जमेल तसं लिहिते.

काल ट्रॅकवर गेले. साहेबांची माणसं रंगेहाथ पकडायची होती. आईंना सांगितलं नव्हतं. त्याही सकाळीच कुठेतरी बाहेर पडल्या होत्या. कुंपणाशी उभी राहून एकेक चेहरा तपासत होते. कंपनीतलं एकही माणूस नाही. निळी गाडी रांगेत उभी होती आणि दंतोपंत स्वतः हेल्मेट घालत होते.

शेजारच्या दाराशी हेल्मेट घातलेलं आणखी कुणीतरी होतं. त्या माणसाने गुडघ्यावर हात ठेवला, आधी पाठ टेकली, मग एकेक पाय उचलून आत घेतला. गाडीत असं बसणारी बाई मी रोज बघते. रोज मीच तिचं दार लावते.

मी ओरडले. त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? गाडी सुटली. मी झेंडेवाल्याकडे धावले. "निळी गाडी थांबवा! मागचा पंख..."

"काय झालंय पंखाला?"

"सैल आहे," म्हटलं.

तो वॉकीटॉकीवर बोलायला लागला. पहिली फेरी ते सावकाश, साठनेच गेले. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या फेरीला सरळ पट्ट्यावर इंजिनाचा सूर चढत गेला, चढत गेला. झेंडा हलला तोवर ते लांबच्या वळणात शिरले होते. पुढचं नाक मुकाट्याने वळलं. मागचं वळलंच नाही. पुढची चाकं दाबून धरायला पट्टी होती, मागे दाबायला काही नव्हतं. गाडी भोवऱ्यासारखी फिरली, गवतावरून घसरत गेली आणि पाठीकडून टायरांच्या भिंतीवर आदळली.

मी पोचले तेव्हा दंतोपंत बाहेर पडून दुसरं दार ओढत होते. "तिला बघा, आधी तिला बघा," एवढंच. आईंचा चेहरा पांढरा पडला होता. मला बघून म्हणाल्या, "तू कशी इथे?"

खांद्याचं हाड मोडलंय, दोन बरगड्यांना तडा आहे. जिवावरचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. नर्सने माझ्या हातात एक वाटी आणून दिली. "ह्यांची कवळी. नीट ठेवा, नवी दिसतेय."

चार दातांची होती, गुलाबी हिरडीची. मी ती वाटी धरून बाकावर बसून राहिले.

३० एप्रिल

दंतोपंत दवाखान्यातच बसून आहेत, आईंच्या खोलीत न जाता, बाहेर. आज माझ्यासमोर उभे राहिले.

"माझी चूक आहे, सूनबाई. वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला मी. उचलायचा नसतो, हे वाचलं होतं. तीच म्हणत होती एकदा जाऊ या, पण नको म्हणणं माझं काम होतं."

मी बाकावर त्यांना बसायला जागा केली.

"तुमच्या पंखाला बोल नाही. निघण्याआधी मी स्वतः बघितलं होतं. काटा बरोब्बर आठवर होता."

संध्याकाळी मोडकी गाडी ठेवलीय तिथे जाऊन आले. आकड्यांच्या पट्टीचे दोन स्क्रू काढले आणि पट्टी खिशात घातली. कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

७ मे

आई घरी आहेत. दंतोपंत येत नाहीत. फोन करून म्हणाले, गाडी विकणार, आता कुठल्या तोंडाने येऊ? आई फोन उशाशी घेऊन झोपतात.

घर पुन्हा आमच्या दोघींचं झालंय. मला हवं होतं ते हेच.

आज केस विंचरून देताना आई आपणहून बोलल्या. "तुला सांगणार होते गं. पण त्याचं नाव काढलं की तुझं डोकं फिरायचं. म्हटलं, त्या मंगळवारी माप घेतलंय ती कवळी होऊ दे, मग तुला हसून दाखवीन आणि सांगीन."

"मला सोडून जाणार होतात?"

"घर दोन गल्ल्या पलीकडे आहे त्याचं. त्याला काय जाणं म्हणतात?" मग म्हणाल्या, "आता तोच येईनासा झालाय. स्वतःला खातोय तो. माझ्यामुळे."

कंगवा माझ्या हातातच राहिला.

८ मे

दंतोपंतांकडे गेले. दार उघडताच म्हणाले, "ती बरी आहे ना?"

पट्टी टेबलावर ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी पाय उचलला नसता, तरी?"

"आज ना उद्या गाडी घसरलीच असती. पाय तुम्ही उचललात हे खरं. पण पंख पंखाच्या जागी असता तर गाडीने सांभाळून घेतलं असतं."

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला कुणाचा माणूस समजलात तुम्ही?"

मी साहेबांचं नाव सांगितलं.

"कोण हे?" त्यांनी विचारलं. खरंच माहीत नव्हतं त्यांना. मग उठून उभे राहिले. "मला तुमचा फार राग आलाय. तो जाईल तेव्हा जाईल. पण हे तिला तुम्ही सांगायचं. आजच्या आज. मी तिच्यापासून काही लपवून ठेवणार नाही."

घरी येऊन आईंना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं. "तो साठच्या वर जात नाही, म्हणून काही होणार नाही, असंच वाटलं होतं ना तुला?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यांनाही तेच ऐकायचं होतं.

"आधी वाटलं होतं," मी म्हटलं. "पण त्यांनी ट्रॅकचं विचारलं तेव्हा कळलं होतं मला. दुसरा कुणी चालवेल असं वाटलं, आणि गप्प बसले."

"दुसरा कुणी," आई म्हणाल्या. "त्यालाही घरी कुणी असतंच की गं."

मग भिंतीकडे तोंड केलं. तशाच म्हणाल्या, "लेकीला फोन लाव. म्हणावं, मला घेऊन जा थोडे दिवस."

२२ मे

नणंद आईंना घेऊन गेली त्याला बरेच दिवस झाले. जाताना माझ्याशी बोलली नाही. फोन मी करते, आई घेतात, औषध घेतलं म्हणतात, ठेवतात. वर्कशॉपचा फोन आता मलाच घ्यावा लागतो. समोरचा माणूस जे बोलतो ते तसंच ऐकून घ्यायची सवय करतेय. जमत नाही.

१४ जून

सकाळी निळी गाडी दारात थांबली. मागचा पत्रा नवा, रंगात किंचित फरक. दंतोपंत उतरले, मग दुसरीकडून आई. खांद्याची पट्टी निघालीय, पण हात अजून पोटाशी धरतात. मी दार धरायला धावले आणि अर्ध्यात थांबले. दंतोपंतांनी धरलं.

आई आत येऊन टेबलाशी बसल्या. पावत्यांचा ढीग बघून म्हणाल्या, "काय अवस्था केलीयस ही!" मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात आम्ही लग्नाच्या सह्या करतोय. मी त्याच्याकडे राहायला जाणार. इथे सकाळी येईन, संध्याकाळी जाईन. टेबल माझं आहे."

"हो," मी म्हटलं.

दंतोपंतांनी डिकी उघडली. आत पंख होता, नव्या खांबांसकट. पंखाला काही झालं नव्हतं, कडेला एक ओरखडा फक्त.

"दुसरीकडे लावून घ्या," मी म्हटलं. "चांगली माणसं आहेत, मी सांगते कुणाकडे ते."

"मी तेच म्हणत होतो," ते म्हणाले. आवाज अजून कोरडाच आहे त्यांचा. "हिने ठरवलंय."

"पंख तू केलास, तूच लाव," आई म्हणाल्या. "पण अँगल मोजायचं ते काय असतं, ते मला शिकव आधी."

"तुम्हाला?"

"मला. त्या सीटवर मी बसते."

खांब बसवले, पंख चढवला, बोल्ट आवळले. बाजूच्या पत्र्यावर आकड्यांची पट्टी लावलीच नाही. मोजायचं यंत्र आईंच्या हातात दिलं. गाडी सपाट जागी आहे ना ते आधी बघायचं, मग यंत्र शून्यावर आणायचं, मग पंखाच्या दोन कडांवर पट्टी टेकवून त्यावर ठेवायचं. त्यांना दोनदा सांगावं लागलं. धुळीने शिंका आल्या. दंतोपंत बाजूला हात बांधून उभे होते.

"किती हवाय?" आईंनी चष्मा सारखा करत विचारलं.

"आठ."

"साडेसात आहे."

"आठच आहे आई, मी आठच्या भोकात लावलाय."

"इथे साडेसात दाखवतंय."

मी वाकून बघितलं. साडेसातच होता. डावीकडचा बोल्ट पुरता बसला नव्हता, नव्या खांबाचं भोक जरा तंग होतं. मी तो सैल केला, पंख वर घेतला, बोल्ट पुन्हा बसवला, आवळला.

"झालं," मी म्हटलं.

"थांब," आई म्हणाल्या. "मी परत मोजते."